विसरणे म्हणजे बेपर्वाई नव्हे
एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी स्मरण आणि आकलनाची तपासणी

एचआयव्हीच्या गोळ्यांचा खाडा पडला की रुग्णाच्या वाट्याला पहिला शब्द येतो तो ‘बेपर्वा’. बाटलीत गोळ्या जास्त उरल्या, दिलेल्या तारखेला केंद्रावर येणे झाले नाही, एकदा सांगितलेले पुन्हा विचारले, की दवाखान्यात ओरडा बसतो आणि घरी टोमणे ऐकावे लागतात. ‘जिवाची काळजी नाही का तुम्हाला?’ असे सगळे विचारतात. ‘तुम्हाला अलीकडे विसरायला होते का?’ असे मात्र फार थोडे विचारतात.

या अंकाच्या आरोग्य पानावर आम्ही हा दुसरा प्रश्न घेतला आहे. एचआयव्हीचा परिणाम रोगप्रतिकारशक्तीवर होतो हे आता गावोगावी माहीत आहे. तो मेंदूवरही होऊ शकतो, त्याची साधी तपासणी असते आणि त्यावर बरेच काही करता येते, हे अजून पोचलेले नाही. ही तपासणी काय आहे, तिच्यात आपल्या माणसांवर अन्याय कुठे होऊ शकतो आणि तो कसा टाळायचा, हे क्रमाने पाहू.

हा प्रश्न आजच का?

भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. त्या काळी सीडी-४ पेशी बऱ्याच खाली आल्यावरच औषध सुरू होत असे. २०१७ पासून धोरण बदलले. आता तपासणी पॉझिटिव्ह आली की सीडी-४ कितीही असो, औषध सुरू करतात.

याचा अर्थ असा की, आज पंचेचाळीस ते साठ वयाचे जे बंधू-भगिनी पंधरा-वीस वर्षे गोळ्या घेत आहेत, त्यांतल्या अनेकांचे सीडी-४ उपचाराआधी फार खाली गेलेले होते. ज्यांचे सीडी-४ कधीकाळी खूप घसरले होते, त्यांना मेंदूच्या तक्रारींचा धोका अधिक असतो, असे जगभरच्या अभ्यासांत दिसले आहे. त्यात आता वय, रक्तदाब आणि मधुमेह यांची भर पडते आहे. औषधांनी ही माणसे जगवली. आता ती नीट विचार करत, आपले व्यवहार आपण सांभाळत जगावीत, याकडे लक्ष द्यायची वेळ आली आहे.

मेंदूत काय घडते?

संसर्गानंतर पहिल्या काही आठवड्यांतच हा विषाणू मेंदूपर्यंत पोचू शकतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मेंदूत ये-जा करतात आणि त्यांच्यासोबत तो आत शिरतो. विचार वाहून नेणाऱ्या मुख्य मज्जापेशींत तो थेट घर करत नाही. मेंदूची राखण करणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांत तो राहतो. या पेशी बाधित झाल्या की सतत दाह निर्माण करणारे पदार्थ सोडत राहतात आणि त्या दाहाने शेजारच्या मज्जापेशी दुबळ्या होतात. चुलीतला धूर घरभर पसरावा, तसे हे होते.

मेंदूच्या आतल्या भागांना आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंना याची झळ अधिक बसते. म्हणून लक्षणेही वेगळी असतात. म्हातारपणच्या अल्झायमर आजारात नवी आठवण साठतच नाही. खूण करून दिली तरी आठवत नाही. एचआयव्हीमुळे होणाऱ्या त्रासात बहुतेक वेळा आठवण आत असते, ती बाहेर काढायला वेळ लागतो. थोडी खूण दिली की आठवते. विचार मंदावतो, लक्ष टिकत नाही, दोन कामे एकत्र जमत नाहीत, हाताची चपळाई कमी होते. माणूस गप्प-गप्प आणि निरुत्साही होतो. घरच्यांना वाटते, आळशी झाला.

नियमित एआरटी हाच यावरचा मुख्य उपाय आहे. एआरटी येण्यापूर्वी पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांत तीव्र स्मृतिभ्रंश बराच दिसत असे. आता तो कमी झाला आहे. सौम्य त्रास मात्र औषधे नीट चालू असणाऱ्यांतही दिसतो आणि तोच सहज नजरेतून सुटतो.

एक उदाहरण घेऊ

समजा, श्रीवर्धनकडच्या एका वाडीतल्या ताई आहेत. पन्नाशीला आलेल्या. पती वारले, सुपारीच्या बागेत मजुरी करून मुलाला वाढवले. बारा वर्षे गोळ्या चालू आहेत. गेल्या वर्षभरात चुलीवर भात करपू लागला. बाजारात सुटे पैसे मोजताना गोंधळ होतो. सुपारी सोलायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. गोळी घेतली की नाही हे आठवत नाही, म्हणून कधी राहते, तर कधी दोनदा घेतली जाते.

केंद्रावर बाटलीतल्या गोळ्या मोजल्या जातात आणि हिशेब जुळत नाही. इथे दोन वाटा फुटतात. एका वाटेने ताईंना ‘बेपर्वा’ म्हणून समज दिली जाते. त्या शरमेने पुढच्या महिन्यात येतच नाहीत. औषध सुटते, विषाणू वाढतो, मेंदूला आणखी झळ बसते आणि विसरणे वाढते. दुसऱ्या वाटेने कोणीतरी शांतपणे विचारते, ‘ताई, कामात काही फरक पडलाय का? पूर्वी जमायचे ते आता जड जाते का?’ मग तपासणी होते, कारण सापडते, गोळ्यांची आठवण ठेवायला मुलाची मदत मिळते. या दोन वाटांतला फरक एका प्रश्नाचा आहे आणि त्या फरकावर ताईंचा जीव अवलंबून आहे.

पहिली पायरी : तीन प्रश्न

युरोपातल्या एचआयव्ही तज्ज्ञांनी डॉक्टरांना तीन साधे प्रश्न विचारायला सांगितले आहे. आपल्या बोलीत ते असे मांडता येतील :

१. तुम्हाला वरचेवर विसरायला होते का? ठरलेली भेट, कार्यक्रम, नुकतीच घडलेली गोष्ट लक्षात राहत नाही का?

२. विचार करायला, कामाची आखणी करायला, अडचणीतून मार्ग काढायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो का?

३. कोणी बोलत असताना, वाचताना किंवा सिनेमा-मालिका पाहताना लक्ष टिकवणे कठीण जाते का?

‘कधीच नाही’, ‘क्वचित’ आणि ‘हो, नक्कीच’ अशी तीन उत्तरे असतात. एकाही प्रश्नाला ‘हो, नक्कीच’ आले, तर पुढची तपासणी मागावी. ज्याला त्रास आहे त्याला तो स्वतःला जाणवेलच असे नाही. म्हणून त्या व्यक्तीची परवानगी असेल तर घरातल्या एका विश्वासू माणसालाही हेच विचारावे.

दुसरी पायरी : दहा मिनिटांची चाचणी

एचआयव्हीसाठी खास तयार केलेली एक छोटी चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तिला आंतरराष्ट्रीय एचआयव्ही डिमेन्शिया स्केल म्हणतात. ती अमेरिका आणि आफ्रिकेतल्या युगांडा या दोन्ही देशांत पडताळली गेली. लिहिता-वाचता येण्याची तीत गरज नाही, कागद-पेन्सिल लागत नाही. प्रशिक्षित परिचारिका किंवा समुपदेशकही ती घेऊ शकतात. तिचे तीन भाग आहेत.

आधी चार सोपे शब्द सांगून ते परत म्हणायला लावतात आणि लक्षात ठेवायला सांगतात. मग हाताच्या दोन चाचण्या होतात. पहिलीत आपण ज्या हाताने काम करत नाही त्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पाच सेकंद जमेल तितक्या वेगाने उघडझाप करायची. पंधरा किंवा जास्त वेळा झाले की पूर्ण चार गुण. दुसरीत त्याच हाताने तीन हालचाली क्रमाने करायच्या : टेबलावर मूठ, मग तळवा सपाट, मग हात करंगळीच्या कडेवर उभा. दहा सेकंदांत हा क्रम चार वेळा झाला की चार गुण. शेवटी सुरुवातीचे चार शब्द विचारतात. आपणहून आठवलेल्या प्रत्येक शब्दाला एक गुण आणि खूण दिल्यावर आठवलेल्याला अर्धा.

एकूण गुण बारा. दहा किंवा कमी आले तर सविस्तर तपासणी करावी, असा नियम आहे. मेंदूत काय घडते हे वर सांगितले, त्यामुळे या चाचणीत हाताचा वेग का मोजतात आणि खूण देऊन का विचारतात, हे वाचकांच्या लक्षात येईल. ते चार शब्द आम्ही मुद्दाम छापत नाही. वाचून पाठ झाले तर चाचणीचा उपयोग राहत नाही.

ही चाचणी घरी घेऊन कोणाला शिक्का मारू नये. मासळी कापताना बोट कापलेले असेल, सांधे दुखत असतील, गोळ्यांमुळे हातापायांना मुंग्या येत असतील, तर हात हळू चालतो. त्यात मेंदूचा काही दोष नसतो. शिवाय सौम्य त्रास या चाचणीत सुटूही शकतो. चाळणीचे काम निवडण्याचे असते, ती निकाल देत नाही.

तिसरी पायरी : सविस्तर तपासणी

मोठ्या रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ जी तपासणी करतात तिला दोन-तीन तास लागू शकतात. तीत शिकणे आणि आठवणे, लक्ष, विचाराचा वेग, शब्द सुचणे, आखणी आणि हाताची चपळाई अशा वेगवेगळ्या बाजू स्वतंत्रपणे तपासतात. आलेले गुण त्याच वयाच्या, तितकेच शिक्षण झालेल्या निरोगी माणसांच्या गुणांशी ताडून पाहतात.

महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत झाले आहे. भोसरीची ही संस्था १९९२ पासून काम करते. तिथल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांसोबत पुण्यातल्या रुग्णांची आकलन तपासणी केली. आजार पुढच्या टप्प्यात असलेल्यांवर एआरटी सुरू केल्यावर काय परिणाम होतो, हेही त्यांनी अभ्यासले आणि तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

त्याच कामातून निघालेला एक छोटा अभ्यास आपल्याला विशेष महत्त्वाचा वाटतो. २०१२ साली तो छापला गेला. पुण्यातल्या १७४ मराठी मातृभाषेच्या लोकांची मराठीतून तपासणी केली आणि त्यांना हिंदी किती येते याच्याशी गुण ताडून पाहिले. ज्यांना दोन्ही भाषा चांगल्या येत होत्या, त्यांना एका नियमावरून दुसऱ्या नियमावर पटकन वळण्याच्या आणि मन आवरून उत्तर देण्याच्या चाचण्यांत जास्त गुण मिळाले. म्हणजे मेंदू निरोगी असूनही भाषेच्या सरावाप्रमाणे गुण बदलतात. मग शाळेने गुण किती बदलत असतील?

ज्यांनी शाळा पाहिली नाही त्यांचे काय?

आपल्या वाचकांनी सर्वांत लक्ष द्यावे असा हा भाग आहे.

शहरांत स्मरणशक्तीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध चाचणीचे नाव ‘मोका’. तिचे मराठी रूपही आहे. तीत घड्याळ काढायचे असते, ठोकळ्याचे चित्र उतरवायचे असते, शंभरातून सात-सात वजा करत जायचे असते. एकूण गुण ३०, आणि २६ च्या खाली आले की शंका घेतात. शिक्षण बारा वर्षे किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. पण बारावी झालेल्याला एक गुण आणि ज्या मावशींनी कधी पाटीला हात लावला नाही त्यांनाही एकच गुण! हातात पेन्सिल धरण्याची सवयच नाही, तिथे ठोकळा कसा उतरणार? याच मावशी बाजारात मासळीचे वाटे लावून, घासाघीस करत, कोणाकडे किती उधारी आहे ते तोंडी सांगतात. तो हिशेब त्या चाचणीत कुठेच मोजला जात नाही.

ज्यांच्या आई-आजींना शिक्षण नाकारले गेले, त्यांनाच शाळेच्या मापाने मोजून ‘मेंदू कमजोर’ ठरवायचे, हा दुहेरी अन्याय आहे. विज्ञानालाही हे मान्य आहे आणि त्यावर उपाय निघाले आहेत. अशिक्षितांसाठी ‘मोका’चे वेगळे, सोपे रूप तयार झाले. हरियाणातल्या बल्लभगढ भागात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी प्रश्न बदलून हिंदी चाचणी तयार केली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामातून अशी चाचणी आली, जीत अक्षरांऐवजी रंग आणि आकडे जोडायचे असतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २००४ साली चाचण्यांचा जो संच काढला, त्यात निरक्षर, शाळा झालेले आणि महाविद्यालयात गेलेले अशा तिघांची मापे वेगळी दिली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेल्या चाचणीसंचाची २०२० साली प्रसिद्ध झालेली पडताळणी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत झाली. त्या पाचांत मराठी नव्हती. ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

म्हणून तपासणीला बसताना न लाजता सांगा : ‘मी इतकी शिकले आहे’, ‘मी शाळेत गेलेलो नाही’, ‘मला आगरी बोली जास्त कळते’. अहवाल हातात आला की विचारा, ‘हे गुण कोणाच्या गुणांशी ताडून पाहिले?’ हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

कमी गुण म्हणजे आजार नव्हे

२००७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एचआयव्हीमुळे होणाऱ्या त्रासाचे तीन प्रकार ठरवले : चाचणीत गुण कमी पण रोजच्या कामात अडचण नाही, गुण कमी आणि कामात थोडी अडचण, आणि तीव्र स्मृतिभ्रंश. या मापाने अमेरिकेत १,५५५ जणांची तपासणी झाली आणि २०१० साली निष्कर्ष आले. निम्म्याहून थोड्या अधिक लोकांचे गुण कमी निघाले. आकडा ऐकून छाती दडपते. पण त्यांतल्या बहुतेकांना काहीच अडचण जाणवत नव्हती. तीव्र स्मृतिभ्रंश फक्त दोन टक्क्यांना होता.

पुढे या मापावरच टीका झाली. ते निरोगी माणसांना लावले तरी सुमारे पाचात एकाचे गुण कमी निघतात, असे दाखवले गेले. २०२३ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने नव्या शिफारशी मांडल्या. चाचणीतले कमी गुण, माणसाला होणारा त्रास आणि मेंदूला झालेली खरी इजा या तीन गोष्टींची सरमिसळ करू नये, असे त्यांनी सांगितले. गुणांचा अर्थ लावताना त्या माणसाचे शिक्षण, भाषा आणि सामाजिक परिस्थिती पाहावी, असेही सांगितले.

आम्ही परिचारिका म्हणून काम करताना एक गोष्ट शिकलो. आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा असतो. पूर्वी जे सहज जमत होते ते आता जमत नाही, ही खरी धोक्याची खूण. आज आलेले गुण जपून ठेवा. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा तपासणी झाली तर त्यांच्याशी ताडता येते.

विसरण्याची इतर कारणे आधी शोधा

विसरायला होते म्हणजे एचआयव्हीनेच झाले, असे धरून चालू नये. पुढील कारणे आधी तपासून घ्यावीत. यांतल्या अनेकांवर उपचार आहेत.

मनाची उदासी हे फार मोठे कारण. ज्याला झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, त्याचे लक्ष लागणार कसे? दारूने स्मरणशक्ती जाते आणि गोळ्यांचा खाडाही पडतो. रक्तक्षय, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, रक्तदाब, सिफिलिस, डोक्याला झालेली जुनी जखम, चष्म्याचा वाढलेला नंबर, कमी ऐकू येणे यांचाही विचार व्हावा. औषधांचेही पाहावे लागते. पूर्वी दिल्या जाणाऱ्या एफाविरेन्झने काहींना चक्कर, विचित्र स्वप्ने, डोके जड होणे असा त्रास होई. आताच्या गोळीतल्या डोल्युटेग्रेविरने काहींची झोप उडते. अशा वेळी गोळीची वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःहून गोळी बंद करू नये. लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीची गोळी नव्याने सुरू झाली, तर या गोळीपासून किती अंतर ठेवायचे तेही विचारून घ्यावे.

आणि व्हायरल लोड पाहिलाच पाहिजे. तो सरकारी केंद्रातून मोफत होतो. औषध स्थिरावले की साधारण वर्षातून एकदा करतात. रक्तात विषाणू दबलेला असूनही पाठीच्या पाण्यात तो सापडतो, असे क्वचित घडते. म्हणून रक्ताचा अहवाल चांगला असूनही त्रास वाढत असेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

यांत थांबू नका

ताप आणि न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, मान ताठ होणे, फिट येणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, एकदम दिसेनासे होणे, एक-दोन दिवसांत बोलण्यात भ्रम येणे : यांपैकी काहीही झाले तर स्मरणशक्तीची तपासणी वगैरे विसरा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा. मेंदूचा टीबी, बुरशीचा मेंदूज्वर किंवा अर्धांग असू शकतो. देवाचे करून मग पाहू, उद्याच्या गाडीने जाऊ, असे म्हणू नये.

तपासणीला जाताना

रायगडच्या किनाऱ्यावरून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी केंद्रापर्यंत यायचे म्हणजे अनेकांना पहाटेची एसटी धरावी लागते. झोप अपुरी, पोट रिकामे, घाटवळणांनी डोके गरगरलेले आणि मन बुडालेल्या मजुरीत. अशा अवस्थेत कोणाचेही गुण कमी येतील. म्हणून :

• आदल्या रात्री नीट झोपा. दारू अजिबात नको.
• सोबत भाकरी-चपाती, पाणी घ्या. आधी खा, थोडे बसा, मग तपासणी.
• चष्मा, कानाचे यंत्र, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि जुने अहवाल बरोबर ठेवा.
• काय-काय बदलले ते चार ओळींत लिहून न्या. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्या.
• तपासणीसाठी वेगळी खोली मागा. रांगेत, सगळ्यांसमोर ही तपासणी होऊ नये.
• बोटीवर जाणाऱ्यांनी पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या दिवसांत तारीख घ्यावी.
• एसटीच्या प्रवास सवलतीबद्दल समुपदेशकाकडे चौकशी करा.

कायदा काय म्हणतो?

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शिक्षण, उपचार, घरभाडे यांत एचआयव्हीवरून भेदभाव करायला त्याने मनाई केली आहे. आपली स्थिती कोणाला सांगायची हे आपण ठरवायचे. एकत्र घरात राहण्याचा आणि त्या घरातल्या सोयी भेदभावाविना वापरण्याचा हक्कही या कायद्याने दिला आहे. वेगळा पेला आणि वेगळे माठ-तांब्या यांचा अर्थ महाडच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायला नको. १९२७ साली ज्यांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, त्यांच्या घरांत तरी हा वेगळा पेला दिसू नये.

दुसरी भीती जमिनीची. चाचणीत गुण कमी आले म्हणून ‘हिचे डोके ठिकाणावर नाही’ असे म्हणत विधवा बहिणीचे नाव सातबारावरून काढायला बघणारे नातेवाईक असतात. स्पष्ट लक्षात ठेवा : दहा मिनिटांच्या चाचणीचे गुण म्हणजे वेडेपणाचा दाखला नव्हे. मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी आपोआप ‘अस्वस्थ मनाचा’ ठरत नाही. तसे ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाला आहे, असे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो. अहवालाची प्रत आपल्याकडे ठेवा आणि कोणत्याही कागदावर घाईने अंगठा देऊ नका.

घरच्यांनी काय करायचे?

गोळी एखाद्या रोजच्या सवयीला बांधा : दात घासणे, रात्रीचे जेवण, दिवा मालवणे. मासेमारीवर जाणाऱ्या घरांत एक अडचण येते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून ‘बोट निघाली की गोळी’ हा नेम टिकत नाही. तिथे मोबाइलचा गजर बरा. सात कप्प्यांची डबी मिळाली तर उत्तम. नाही तर कॅलेंडरवर रोज फुली मारा. फुली दिसली म्हणजे गोळी झाली. दोनदा घेण्याचा घोळ मिटतो. बोटीवर जाताना ठरलेल्या दिवसांपेक्षा चार-सहा गोळ्या जास्त द्या.

एका वेळी एकच गोष्ट सांगा. उत्तराला वेळ द्या. ‘मघाशीच सांगितले ना!’ हे वाक्य घरातून काढून टाका. पैशाचे व्यवहार त्यांच्या हातून काढून घेऊ नका, फक्त सोबत बसा. चालणे, गप्पा, विहारातल्या सभेला येणे, नातवाला गोष्ट सांगणे, पुरेशी झोप आणि बीपी-शुगरची गोळी हे सगळे मेंदूच्या कामाचे आहे.

विहार समित्या आणि महिला मंडळांसाठी

एक सूचना कळकळीने करतो. चांगल्या हेतूने सुद्धा ‘एचआयव्ही असलेल्यांची स्मरणशक्ती तपासणी’ असे शिबिर विहारात लावू नका. छोट्या वाडीत कोण आत गेले ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते. शिबिर घ्यायचेच तर पंचेचाळिशीच्या पुढच्या सगळ्यांसाठी घ्या : बीपी, शुगर, डोळे, कान आणि विसराळूपणाची चौकशी. ज्याला गरज आहे तो त्या गर्दीत निर्धास्त येईल.

आणि जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, लोकप्रतिनिधींकडे सह्यांचे निवेदन घेऊन जा. एआरटी केंद्रावर वर्षातून एकदा तीन प्रश्न विचारावेत, परिचारिका आणि समुपदेशकांना छोट्या चाचणीचे प्रशिक्षण मिळावे, मानसशास्त्रज्ञ ठरलेल्या दिवशी तिथे बसावा, आणि कमी शिकलेल्यांसाठी मराठीत पडताळलेली चाचणी असावी. चार मागण्या आहेत. एकीलाही फार मोठा खर्च नाही.

माहितीसाठी एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा मोफत दूरध्वनी क्रमांक १०९७ आहे. उदासी, झोप न येणे, मनाचा त्रास यासाठी टेली-मानसचा क्रमांक १४४१६. दोन्हीकडे नाव गुप्त राहते.

हे पान वाचून झाले की घडी करून ठेवू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, नाव न घेता आणि कोणाकडे न बघता. आणि पुढच्या वेळी कोणाच्या गोळ्यांचा हिशेब जुळला नाही, तर रागावण्याआधी तो एक प्रश्न विचारा.

जय भीम!